मासळीसाठी घरगुती व्हॅक्यूम सीलर : फ्रीझरमध्ये गुणाचा, फ्रीजमध्ये धोक्याचा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्यामुळे मे महिना संपत आला की मासे खाणाऱ्या घरांत साठवणीची लगबग सुरू होते. किनाऱ्यावरची घरे आगोटीसाठी सुके बोंबील, सोडे, जवळा आणि खारे बांगडे भरून ठेवतात. पुण्यासारख्या समुद्रापासून दूरच्या शहरात मात्र ओल्या मासळीचीच बेगमी करण्याकडे कल असतो, आणि गणेश पेठेतल्या बाजारातून किंवा कोकणातून परतताना थर्माकोलच्या खोक्यातून आणलेली सुरमई, पापलेट, बांगडे थेट फ्रीझरमध्ये जातात. घरगुती व्हॅक्यूम सीलर हे यंत्र याच मासेखाऊ घरांना हेरून विकले जाते. आमच्या घरी ते गेल्या पावसाळ्यापूर्वी आले आणि तेव्हापासून मुख्यतः मासळीसाठीच वापरले गेले आहे. ते कोणत्या कंपनीचे आहे हे मुद्दामच लिहीत नाही, कारण दोन-चार हजार रुपयांत मिळणारी या प्रकारची यंत्रे थोड्याफार फरकाने सारखीच असतात, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातले बहुतेक या प्रकाराबद्दलच आहे.

यंत्राची रचना सोपी आहे. हातभर लांबीची अरुंद पेटी असते, तिचे झाकण उघडले की आत स्पंजाची कड असलेला एक खोलगट पन्हाळ आणि त्याच्या पुढे टेफ्लॉनची पट्टी दिसते. मासे भरलेल्या पिशवीचे उघडे तोंड त्या पन्हाळात ठेवायचे, झाकण दाबून बंद करायचे आणि बटण दाबायचे. पंप हवा ओढतो, पिशवी तुकडीला चारही बाजूंनी चिकटते, आणि मग पट्टी तापून पिशवीचे तोंड वितळवून बंद करते. यासाठी साधी प्लास्टिकची पिशवी चालत नाही. एका बाजूने बारीक खाचांची नक्षी असलेली जाड पिशवी लागते, कारण दोन्ही बाजू गुळगुळीत असल्या की त्या एकमेकींना चिकटतात आणि हवेला बाहेर पडायला वाटच राहत नाही. या पिशव्यांचा खर्च यंत्र घेताना कोणाच्या लक्षात येत नाही, पण वर्षभर चालू राहतो तो हाच.

हवा काढल्याने माशाला नेमका काय फायदा होतो, हे समजून घेतले तर यंत्राकडून काय अपेक्षा ठेवावी हेही कळते. फ्रीझरमध्ये मासा दोन कारणांनी खराब होतो. पहिले कारण म्हणजे हवेतला ऑक्सिजन. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांची चरबी गोठलेल्या अवस्थेतही हळूहळू हवेशी संयोग पावत राहते आणि महिना-दीड महिन्यात तळताना तो ओळखीचा खवट वास येऊ लागतो. दुसरे कारण कोरडेपणाचे. फ्रीझरमधली कोरडी हवा माशाच्या पृष्ठभागावरचा बर्फ वितळू न देताच उडवून नेते, आणि तुकडीवर पांढरट, भुसभुशीत चट्टे पडतात. घट्ट चिकटलेली पिशवी या दोन्ही गोष्टी रोखते. आमच्या सुरमईच्या तुकड्या पावसाळा संपत आला तेव्हाही कडेपर्यंत ओलसर आणि स्वच्छ होत्या, तर त्याच खरेदीतल्या, साध्या पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या तुकड्यांच्या कडा कापसासारख्या झाल्या होत्या. शिवाय डब्यात तुकड्यांभोवती जशी हवा अडकते तशी इथे अडकत नसल्यामुळे थंडावा थेट माशाला लागतो आणि तो लवकर गोठतो. लवकर गोठलेल्या माशात बर्फाचे कण बारीक राहतात, म्हणून वितळल्यावर त्यातून पाणी कमी सुटते आणि मांस घट्ट राहते.

तरीही मुदतीचे भान सोडता येत नाही. गोठवलेल्या तेलकट माशांची चव दोन ते तीन महिने आणि कमी तेलाच्या माशांची चार ते आठ महिने चांगली राहते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. व्हॅक्यूममुळे हा काळ लांबतो, पण बांगड्याची सुरमई होत नाही.

आता तक्रारींकडे वळतो, कारण मासळी आणि हे यंत्र यांचे स्वभाव मुळातच जुळत नाहीत. मासा ओला असतो आणि यंत्राला ओल चालत नाही. नुकत्याच धुतलेल्या तुकड्या पिशवीत घालून बटण दाबले की पंपाचा एकसुरी आवाज दोन-चार सेकंदांत घरघरीत होतो, गुलाबीसर पाण्याची एक रेघ नक्षीच्या खाचांतून वर चढताना दिसते, आणि ती पट्टीपर्यंत पोहोचली की पट्टीखाली तडतड होऊन चिकटलेल्या जागेत बारीक बुडबुडे राहतात. पिशवी त्या वेळी बंद झाल्यासारखी वाटते. दुसऱ्या दिवशी मात्र ती फ्रीझरमध्ये सैल पडलेली असते. यंत्रावर ओल्या पदार्थांसाठी वेगळे बटण आहे, पण ते फक्त पट्टी जास्त वेळ तापवते, पाणी ओढायचे थांबवत नाही. यावर खात्रीचा उपाय एकच आहे : तुकड्या कोरड्या फडक्याने टिपून, ताटात एकमेकींना न चिकटतील अशा पसरून तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, आणि त्या वरून कडक झाल्यावरच पिशवीत भराव्यात. घाईच असेल तर पिशवीच्या तोंडाच्या आत स्वयंपाकघरातल्या टिपकागदाची घडी आडवी ठेवावी आणि तोंड दोनदा बंद करावे. माहितीपुस्तिकेत यातले काहीही नाही. त्यात केवळ चीज आणि काजूची चित्रे आहेत.

दुसरी अडचण काट्यांची. पापलेटचे पर, कोलंबीच्या डोक्यावरचा करवतीसारखा काटा आणि खेकड्याचे आकडे पिशवीला सुईच्या टोकाएवढी भोके पाडतात, आणि हवा काढताना पिशवी जितकी ताणली जाते तितकी ती भोके पडण्याची शक्यता वाढते. पापलेटचे पर कात्रीने अगदी मुळाशी कापले आणि पोट साफ केले की तो अख्खा मासाही उत्तम राहतो. कोलंबी सोलून, काळा धागा काढून, पसरून गोठवून मगच भरावी. खेकड्यांचा नाद सोडावा.

बोंबलाच्या बाबतीत तर स्पष्टच सांगायला हवे. त्याच्या अंगात पाणीच इतके असते की पंपाच्या दाबाखाली तो चेपतो, गोठल्यावर त्याचे तंतू फाटतात, आणि वितळल्यावर पिशवीत लिबलिबीत गोळा आणि पाणी एवढेच हाती लागते. बोंबील त्या दिवशी आणावेत आणि त्याच दिवशी तळावेत, किंवा मग सुकेच घ्यावेत. तिसऱ्या आणि शिंपल्या जिवंत असताना पिशवीत बंद करणे तर पूर्णपणे चुकीचे आहे, कारण त्यांना हवा लागते आणि मेलेली शिंपली झपाट्याने नासते. त्या वाफवून, न उघडलेल्या फेकून, आतले मांस तेवढे गोठवता येते. मोरीचे, म्हणजे लहान शार्कचे, मांस बंद पिशवीत ठेवून पाहिले, तर पिशवी उघडताच अमोनियाचा भपकारा आला. मोरीच्या शरीरात युरिया मुळातच भरपूर असतो आणि जिवाणू त्याचा अमोनिया करतात, त्यामुळे तिची साठवण न करणेच बरे.

मासे मीठ, हळद आणि आगळ लावून मग बंद करावेत, म्हणजे ऐन वेळी तळता येतात, असा सल्ला अनेक जण देतात. तो तितकासा बरोबर नाही. मीठ गोठलेल्या माशातल्या चरबीचे खवट होणे लवकर घडवून आणते, आणि आगळाची किंवा लिंबाची आंबटाई दिवसेंदिवस मांसाला लागून राहिली की ते पिठूळ होते. मासा नुसता बंद करावा आणि मसाला तळायच्या दिवशीच लावावा.

या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मात्र यंत्राच्या खोक्यावरच छापलेल्या एका दाव्याबद्दल आहे. त्यावर लिहिले आहे की व्हॅक्यूम केलेला पदार्थ फ्रीजमध्ये पाचपट जास्त दिवस ताजा राहतो, आणि शेजारी कच्च्या माशाचे चित्र आहे. हा दावा वाचून कोणी बंद पिशवीतला कच्चा मासा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आठवडाभर ठेवला, तर तो स्वतःच्या घरात धोका निर्माण करतो. हवा काढली की मासा सडवणारे आणि वास आणणारे नेहमीचे जिवाणू मंदावतात, हे खरे आहे. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूला हवा नकोच असते. त्याचे बीजाणू समुद्राच्या आणि नद्यांच्या गाळात असतात, आणि त्याचा माशांशी विशेष संबंध असलेला ई हा प्रकार ३.३ अंश सेल्सियसच्या वर, म्हणजे फ्रीजच्या थंडाव्यातसुद्धा वाढू शकतो आणि मज्जासंस्थेवर आघात करणारे विष तयार करू शकतो. आपल्याकडचे फ्रीज उन्हाळ्यात, दिवसभर दार उघडझाप होत असताना, कितीदा ४ अंशांच्या खाली असतात हे आत एक साधा थर्मामीटर ठेवून पाहिले की कळते. आमच्याकडे मे महिन्यात तो ८ दाखवत होता. असे विषबाधेचे प्रसंग विरळ असतात आणि हे विष चांगल्या उकळीने नष्टही होते, परंतु तव्यावर बाहेरून कुरकुरीत झालेल्या जाड तुकडीच्या गाभ्यापर्यंत किती उष्णता पोहोचली याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

या धोक्याची खरी मेख अशी की तो नाकाला कळत नाही. आपल्याकडे मासा पारखण्याची सगळी रीत डोळे, बोट आणि नाक यांवर उभी आहे. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, कल्ले लालबुंद हवेत, बोटाने दाबले तर खड्डा राहता कामा नये, आणि वास समुद्राचा यावा, आंबूस नव्हे. पाटीवरच्या मावशीही यावरच भाव ठरवतात आणि आपणही यावरच घासाघीस करतो. हवाबंद पिशवीत वास आणणारेच जिवाणू दबले गेल्यामुळे ही पारख निकामी होते आणि मासा शंकास्पद झाला तरी ताजा भासतो.

बांगडा, सुरमई, कुपा आणि तारली यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते, आणि मासा उबेत राहिला की काही जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते, आणि माणसाला वाटते की आपल्याला माशाची ॲलर्जी झाली. एकदा तयार झालेले हिस्टामिन तळल्याने, उकळल्याने किंवा गोठवल्याने जात नाही, मग पिशवीतली हवा काढल्याने कसे जाईल? बाजारातून घरी येईपर्यंत आणि घरी आल्यावर ओट्यावर जो वेळ जातो, तोच इथे निर्णायक असतो, आणि त्या वेळेवर या यंत्राचा काहीही इलाज नाही. उलट सगळ्या तुकड्या टिपून, भरून, एकेक पिशवी बंद करत बसल्याने तो वेळ वाढतोच, कारण पट्टी तापल्यामुळे काही पिशव्यांनंतर यंत्र थांबून गार होऊ द्यावे लागते. त्या काळात उरलेली मासळी बर्फातच असायला हवी.

आज-उद्या खायच्या मासळीसाठी व्हॅक्यूम सीलरची गरजच नाही. त्यासाठी बर्फासारखे साधन दुसरे नाही, आणि तेही फ्रीजच्या आत. मासा नासण्याचा वेग ० अंशाला जितका असतो, त्याच्या सुमारे सव्वादोन पट तो ५ अंशांना आणि सुमारे चौपट १० अंशांना होतो, असे मत्स्यतंत्रज्ञानात मानले जाते. म्हणजे फ्रीजचा ५ अंशांचा कप्पा आणि वितळत्या बर्फाचा ० अंश यांत दिसायला थोडाच फरक असला, तरी माशाच्या दृष्टीने तो मोठा असतो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो आणि वितळत असेपर्यंत ० अंशावरच राहतो, म्हणून बर्फात पुरलेला मासा दार कितीदा उघडले तरी तापत नाही. स्टीलचा खोल डबा घ्यावा, तळाशी मोदकपात्रातली भोकांची चकती उलटी ठेवावी, त्यावर पातळ पिशवीत सैल गुंडाळलेले, पोट साफ केलेले मासे आणि त्यांच्या वर-खाली फोडलेला बर्फ भरावा, झाकण लावून फ्रीजच्या सर्वांत खालच्या फळीवर ठेवावा, आणि चकतीखाली साचलेले पाणी सकाळ-संध्याकाळ ओतून नवा बर्फ घालावा. मासा पाण्यात बुडून राहता कामा नये, कारण त्यात चव उतरते आणि मांस मऊ पडते. या पद्धतीने ताजा मासा दोन दिवस निर्धास्तपणे राहतो. या व्यवस्थेला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

फ्रीझरबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण यंत्र कितीही चांगले असले तरी पुढचे काम त्याचे आहे. माशांच्या दीर्घ साठवणीसाठी उणे १८ अंश लागतात. फ्रीझरच्या दारावर किंवा आत बर्फाच्या फुलाची अथवा ताऱ्याची चिन्हे असतात. एक चिन्ह म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८, आणि चौथे जास्तीचे चिन्ह असेल तर तो फ्रीझर ताजा पदार्थ गोठवण्यासाठीही योग्य असतो. फ्रीजच्या दारावर चिकटवलेले विजेच्या बचतीचे तारे हे नव्हेत. दुकानात विक्रेताही अनेकदा तेच दाखवतो. एका दाराच्या जुन्या फ्रीजमधला बर्फाचा छोटा कप्पा उणे १८ पर्यंत पोहोचतोच असे नाही, आणि ज्यांच्याकडे तसा फ्रीज आहे त्यांनी या यंत्रावर खर्च करण्यापूर्वी विचार करावा. गोठवताना पिशव्या एकीवर एक न रचता आधी सपाट, एका थरात ठेवाव्यात, कारण उणे १ ते उणे ५ या टप्प्यात बहुतेक पाण्याचा बर्फ होतो आणि तो टप्पा जितक्या लवकर ओलांडला जाईल तितका मासा चांगला राहतो.

हवेपासून बचाव एवढाच हेतू असेल तर त्याचा एक फुकटचा मार्ग अनेक घरांत पूर्वीपासून आहे. सोललेली कोलंबी किंवा साफ केलेली मांदेली डब्यात घालून, ती जेमतेम बुडेल इतके थंड पाणी ओतून, अख्खा डबा गोठवतात. मासळी उद्योगात गोठलेल्या माशावर पाण्याचा पातळ थर चढवून जी काळजी घेतली जाते, तिचेच हे घरगुती रूप म्हणता येईल. मांदेलीसारख्या बारीक माशांसाठी मला ही पद्धत यंत्रापेक्षा सरस वाटली, कारण एकही पिशवी फाटत नाही आणि मासे चेपत नाहीत. तिचे तोटेही आहेत : डबा जागा खातो, पाण्याचा जाड ठोकळा गोठायला वेळ लागतो, आणि त्यातली मूठभर कोलंबी काढायची म्हटली तरी सगळा डबा वितळवावा लागतो. सुरमई, रावस, हलवा यांच्या तुकड्या आणि दोघा-तिघांच्या घरातली जेवणापुरती पाकिटे यांसाठी मात्र व्हॅक्यूम पिशवीला तोड नाही.

मासा वितळवताना पिशवी आधी कापून उघडावी आणि मगच, खोलगट ताटलीत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवावी. अमेरिकेत हवाबंद गोठवलेल्या माशांच्या वेष्टनांवर नेमकी हीच सूचना छापलेली असते आणि तिचे कारण वर सांगितलेला बोट्युलिनम हेच आहे. ओट्यावर पिशवीसकट तासन्तास वितळवणे हा दुप्पट धोका आहे. अगदीच घाई असली तर तुकड्या दुसऱ्या साध्या पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवाव्यात आणि वितळताच शिजवाव्यात. वितळलेली कच्ची तुकडी परत गोठवू नये.

अलीकडे घरी सुशी करण्याची हौस वाढली आहे आणि त्यासाठी हे यंत्र घेणारेही भेटतात. त्यांच्यासाठी इतकेच, की हवा काढल्याने माशातल्या कृमी मरत नाहीत. कृमी मारण्यासाठी अमेरिकी अन्न प्रशासनाने उणे २० अंशांना सात दिवस किंवा उणे ३५ अंशांना गोठवून पंधरा तास असे निकष दिले आहेत, आणि आपला घरचा फ्रीझर ते सातत्याने पाळतो हे सिद्ध करणे कठीण आहे. जिवाणू तर गोठवल्यानेही सगळे मरत नाहीत.

यंत्राच्या स्वच्छतेत मला सर्वांत मोठी उणीव दिसली. पन्हाळात ओढले गेलेले माशाचे पाणी तिथेच साचते, आणि आमच्या यंत्रात तो भाग सुटा निघत नाही, त्यामुळे स्पंजाच्या कडेखाली ओल राहून दुसऱ्या दिवशी दर्प येतो. दर वेळी ती कड उचलून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून, झाकण उघडे ठेवून वाळवावे लागते. विक्रेत्याकडे कड बदलून मिळण्याबद्दल विचारणा केली, तेव्हा सुटे भाग ठेवत नाही असे उत्तर आले. यंत्र घेणार असाल तर पन्हाळ सुटा निघतो का आणि कड वेगळी मिळते का, हे दोन प्रश्न किमतीच्या आधी विचारावेत. पिशव्या तयार मापाच्या घेण्याऐवजी गुंडाळीच्या स्वरूपात घेतल्या तर सुरमईच्या तुकडीसाठी आणि अख्ख्या पापलेटसाठी हव्या त्या लांबीच्या कापता येतात आणि बरीच नासाडी टळते. पिशवी धुऊन पुन्हा वापरता येते असे पाकिटावर लिहिलेले असते, परंतु कच्चा मासा ठेवलेल्या पिशवीच्या नक्षीतल्या खाचा कितीही घासल्या तरी स्वच्छ निघत नाहीत, म्हणून ती पिशवी तिथेच टाकून द्यावी आणि तिची किंमत त्या माशाच्या भावातच धरावी.